मडकं भरलं नाही, पण सरलंही नाही: दुःखात असताना देण्याचे बारा आठवडे

दुःखात असलेल्या माणसाला ख्रिस्ती मंडळीत हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "सेवेत लाग, मन रमेल." सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. कोणाची सेवा, किती, कधीपासून आणि कुठे थांबायचं, हे कोणी सांगत नाही. मग माणूस पहिल्याच महिन्यात स्वतःला झोकून देतो, तिसऱ्या महिन्यात अंथरूण धरतो आणि "देवानं माझी सेवा स्वीकारली नाही" असं मनाशी ठरवून उपासनेला यायचंही थांबवतो. शोक, लांबलेलं आजारपण, गेलेली नोकरी, मोडलेलं घर यांतून जाणाऱ्यांसोबत आम्ही जे बारा आठवडे चालतो, त्यांत काय काय होतं ते इथे लिहीत आहोत. हा क्रम त्या वाटेनं गेलेल्यांनीच चुकत-माकत बसवलेला आहे.

सुरुवात पवित्र शास्त्रातल्या १ राजे या पुस्तकाचा अध्याय १७ वाचून होते. सावकाश वाचायचा, कारण ही गोष्ट बहुतेकांना चुकीची पाठ असते. सारफथची विधवा वेशीपाशी काटक्या गोळा करते आहे. घरात मूठभर पीठ, कुपीत जरासं तेल. ते खाऊन आम्ही मायलेकरं मरणार, असं ती स्वतःच सांगते. संदेष्टा एलीया तिच्याकडे आधी पाणी मागतो, मग भाकर. आणि म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर करून आण, मग तुझ्यासाठी आणि मुलासाठी कर. 'लहानशी' हा शब्द सुटू देऊ नये. तिच्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्यानं मागितलं नाही. पुढे मडक्यातलं पीठ सरलं नाही, कुपीतलं तेल आटलं नाही. मडकं काठोकाठ भरलं, असं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. आणि त्याच अध्यायात, १७व्या वचनापासून, तिचा मुलगा आजारी पडून दगावतो. तो पुन्हा जिवंत होतो हे खरं, पण देऊनही त्या आईला ते दुःख चुकलं नाही. देणं म्हणजे संकटाविरुद्ध काढलेला विमा नव्हे, हे पहिल्याच दिवशी समजलं तर पुढची निम्मी निराशा टळते. मागणारा एलीयाही भरल्या पोटाचा नव्हता, हेही लक्षात घ्यावं. तोही त्याच दुष्काळातला, लपत फिरणारा माणूस होता.

घाव ताजा असताना हे काही सुरू करायचं नाही. साधारण पहिले सहा आठवडे फक्त रडायचे आणि इतरांना सोबत बसू द्यायचे. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट नीट केली होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. या काळात वाचायला १३वं आणि ८८वं स्तोत्र. ८८वं तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे, याचा अनेकांना फार मोठा आधार वाटतो. सहा आठवड्यांनंतरही झोप आणि जेवण रुळावर आलेलं नसेल तर डॉक्टर आधी, सेवा नंतर. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर आणि विश्वासाचं एक माणूस, दोन्ही. अशा वेळी एखाद्याला भेटीगाठींच्या कामाला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

त्यानंतर सुरू होणाऱ्या बारा आठवड्यांतले पहिले दोन आठवडे घराबाहेर पडायचं नाही. वहीत तीन नावं लिहायची, घरातली नव्हेत, आणि रोज पाच मिनिटं त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. नाव घेऊन आणि नेमकी गोष्ट मागून: अमुकची तपासणी मंगळवारी आहे, तमुकच्या मुलीची परीक्षा आहे. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात (४२:१०) परमेश्वरानं त्याची स्थिती पालटली, ती त्यानं आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा. ज्यांनी त्याच्या जखमेवर मीठ चोळलं, तेच हे मित्र. तीन नावांत एक असं अवघड नाव असावं, पण पहिल्या आठवड्यात नको. ही पायरी बिनकामाची वाटते म्हणून लोक ती गाळतात. गाळली की पुढच्या भेटींत आपल्याच दुःखाची गाठोडी उघडली जातात, कारण दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहायची सवय लागलेली नसते.

आता माप. सगळ्या प्रक्रियेचा कणा हाच. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात प्रेषित पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल लिहितो: कठीण परीक्षा, पराकाष्ठेचं दारिद्र्य, आणि तरी औदार्य भरभरून वाहिलं, त्यांनी ऐपतीबाहेर दिलं. बरीच प्रवचनं इथेच थांबतात. पण पौल थांबत नाही. करिंथकरांकडे मागताना तो म्हणतो, माणसाजवळ जे आहे त्यानुसार दिलेलं मान्य होतं, जे नाही त्यानुसार नव्हे (८:१२). आणि लगेच पुढे, दुसऱ्यांना सुटका आणि तुमच्यावर भार, असं व्हावं म्हणून हे नाही; समानता व्हावी म्हणून आहे. मासेदोनियाच्या लोकांनी स्वतःहून, आग्रहानं दिलं. ते त्यांच्या मनातून उमटलं होतं. पौलानं ते दुसऱ्यावर नियम म्हणून लादलं नाही. खचलेल्या माणसाकडून मासेदोनियाचं माप मागू नये. त्याला करिंथचं माप द्यावं.

आमच्या अनुभवात झेपणारं माप असं: आठवड्याला एक भेट आणि दोन फोन. भेट २० मिनिटांची, फोन दहा-दहा मिनिटांचे. जाणं-येणं धरून दीड तासाच्या वर जाऊ द्यायचं नाही. वार ठरलेला हवा. १ करिंथ १६:२ मध्ये पौल हेच सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गणीची धावपळ नको. भावनेच्या भरात दिलेलं भावना ओसरली की आटतं. बाजूला काढून ठेवलेलं वाईट आठवड्यातही हाताशी असतं, आणि दुःखात वाईट आठवडे भरपूर असतात.

पैशाचा आकडा घरच्यांना माहीत असलेला आणि वहीत लिहिलेला हवा. कर्ज काढून द्यायचं नाही. घरातल्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल १ तीमथ्य ५:८ चे शब्द फार कडक आहेत, ते आधी वाचावेत. आकडा शून्य असेल तर शून्य लिहावं, लाजू नये. दुसऱ्या शतकातल्या एका ख्रिस्ती लिखाणात एक साधी रीत दिली आहे: उपवासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्या, एरवीच्या जेवणाला जो खर्च आला असता त्याचा हिशेब करा आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. ज्यांची तब्येत ठीक आहे त्यांच्यासाठी ही रीत आजही चालते, कारण तिच्यात वेगळा पैसा लागत नाही. आजारी, गरोदर किंवा शोकानं आधीच जेवण तुटलेल्या माणसानं मात्र उपवास करू नये.

शून्य लिहिणाऱ्यांना आम्ही उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराची आठवण देतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर, इ.स. २५० च्या सुमारास, रोमन सम्राट डेसियसच्या काळातल्या छळानं तिथली मंडळी पोळून निघाली होती. कोणी तुरुंगात गेलं, कोणी विश्वास नाकारला, आपसांत फूट पडली. ती धूळ खाली बसते न बसते तोच मोठी साथ आली. बिशप सिप्रियन यांनी लोकांना एकत्र करून कामं वाटून दिली, आणि त्यांच्या चरित्रकारानं नोंदवलंय की ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी श्रम दिले, आणि तेच पैशापेक्षा मोलाचे ठरले. मदत फक्त ख्रिस्ती लोकांपुरती ठेवली नव्हती. जी मंडळी स्वतः मोडायला आली होती, तिला या कामानं एकत्र धरलं.

कोणाला द्यायचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. मनाचा ओढा आपल्यासारखाच घाव असलेल्या माणसाकडे असतो: मूल गमावलेल्या आईला वाटतं, आपण मूल गमावलेल्या दुसऱ्या आईकडे जावं. पहिल्या फेरीत हे नको. तिथे ती देत नाही, पुन्हा बुडते. आणि समोरचीला स्वतःचं दुःख बाजूला ठेवून हिचं सांत्वन करावं लागतं. ज्या सांत्वनानं आपलं सांत्वन झालं त्यानंच इतरांचं करावं, हे २ करिंथ १:४ खरंच आहे, पण त्यातला क्रम पाहा: आधी झालेलं, मग दिलेलं. तेव्हा पहिली व्यक्ती वेगळ्या अडचणीतली निवडावी. सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर यांनी इ.स. १५५ च्या सुमारास रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहिलंय. जमा झालेलं दान कोणाला जातं ते त्यात येतं: अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके. ही यादी समोर ठेवून आपला घाव वगळायचा आणि उरलेल्यांतला एक निवडायचा. एकच. दोन निवडले की दोघांनाही अपुरं पडतं.

भेट कशी करायची, हे जरा बारकाईनं सांगायला हवं. समजा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जायचंय. खुर्ची उशाशी ठेवायची नाही, त्यांना मान वळवावी लागते. पलंगाच्या मध्याजवळ, त्यांच्या कमरेच्या रेषेत ठेवायची आणि टेकून बसायचं. पुढच्या काठावर बसलेला माणूस निघायच्या घाईत दिसतो. उभं राहून बोलायचं नाही, पलंगावर बसायचं नाही. फोन बंद. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला "बरं आहे" हेच उत्तर येतं, त्यापेक्षा "रात्री झोप लागली का?" विचारावं. मग थांबावं. दहा-पंधरा सेकंदांची शांतता आपल्याला फार लांब वाटते, त्यांना नाही. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य टाळायचं, कारण मागण्याचं ओझं आपण त्यांच्यावरच टाकून निघतो. "गुरुवारी येईन तेव्हा औषधं आणू, की कपडे घडी करून ठेवू?" असे दोन पर्याय दिले की उत्तर सोपं होतं. वचन वाचायचं असेल तर आधी विचारायचं, आणि सहा-आठ वचनांपेक्षा जास्त नाही. प्रार्थना एका मिनिटाच्या आत, त्यांनी वापरलेल्या शब्दांत. ते "पाय जड झालेत" म्हणाले असतील तर प्रार्थनेतही पाय जड झालेतच यावं. त्या क्षणी त्यांना कळतं की हा माणूस ऐकत होता. आपल्या दुःखाबद्दल त्यांनी विचारलं तर एक वाक्य. न विचारता एकही नाही. वीस मिनिटं झाली की उठायचं, गप्पा रंगल्या तरी.

बाहेर पडल्यावर लगेच घर गाठायचं नाही. दहा मिनिटं कुठेतरी बसायचं किंवा चालायचं आणि वही काढायची. चार रकाने: तारीख, काय दिलं, काय मिळालं, आणि जाण्याआधीची व नंतरची उभारी शून्य ते दहांत. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो, तो तसाच राहू द्यावा. चौथा खरा कामाचा. भेटीनंतर आकडा दोनेक अंकांनी घसरणं नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वर येतो. म्हणून सकाळचा आकडाही त्याच ओळीत लिहायचा. सलग दोन आठवडे सकाळचा आकडाही खालीच राहिला तर माप निम्म्यावर आणायचं, भेट पंधरवड्यातून एक. इथे विश्वास कमी पडला असं काही नसतं. मोशेचा सासरा इथ्रो त्याला असंच सांगतो: तू करतोस ते बरं नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही (निर्गम १८). ही वही फक्त सोबत चालणाऱ्या एकाच व्यक्तीला दाखवायची. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, या आज्ञेचा (मत्तय ६:३) इथे एक सरळ फायदा दिसतो: कौतुक बाहेरून मिळायला लागलं की माणूस चौथ्या रकान्यात खोटे आकडे लिहू लागतो.

चौथा-पाचवा आठवडा कोरडा जातो. जवळजवळ सगळ्यांचा. पहिल्या भेटींतली हलकी भावना बरीचशी घराबाहेर पडल्याची आणि नव्या चेहऱ्याची असते, ती सरते. इथे लोक दोनपैकी एक करतात, सोडतात किंवा दुप्पट करतात. दुप्पट करणं जास्त घातक. 'अजून दिलं की पुन्हा तसं वाटेल' असं म्हणत माप फुटतं, आणि देणं ही पळवाट होते: रिकाम्या खोलीत जाऊ नये म्हणून माणूस आणखी तीन घरं फिरतो. ओळखायची खूण अशी की मोकळ्या दिवशी त्याला घरात बसवत नाही. औषध म्हणजे आठवड्यातला एक सक्तीचा रिकामा दिवस. येशूनं परत आलेल्या शिष्यांना पुढच्या गावी पिटाळलं नाही, एकांतात येऊन थोडा विसावा घ्या म्हणून सांगितलं (मार्क ६:३१), कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती.

दुसरी चूक सौद्याची. "मी इतकं केलं, आता देव माझं करील." हे कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण प्रार्थनेत डोकावतं. त्यासाठी लूक ६:३८ हाताशी धरलं जातं: द्या म्हणजे तुम्हाला दिलं जाईल, चांगलं दाबून, हालवून, शीग भरून. त्याच्या आधीची दोन वचनं वाचली की बोलणं कशाबद्दल चाललंय ते कळतं: दयाळू व्हा, दोष काढू नका, क्षमा करा. माप तिथे माणसांना वागवण्याचं आहे. गुंतवणुकीचा दर म्हणून ते वचन दुःखी माणसाच्या हाती देणं हे क्रौर्य आहे, आणि असं देणारे भेटले तर त्यांना तोंडावर सांगावं.

तिसरी चूक रागाची, साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात. ज्याला देतो तो सल्ला ऐकत नाही, आभार मानत नाही, कधी दारही उघडत नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत एक आला, येशूनं "बाकीचे नऊ कुठे?" असं विचारलं, पण नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही. राग आला की गलती ६ उघडावं. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा, पाचव्यात प्रत्येकानं आपला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: 'बारोस' म्हणजे दडपून टाकणारं वजन, 'फोर्तिऑन' म्हणजे ज्याचा त्यानं न्यायचा बोजा. आपला राग बहुतेक वेळा आपण दुसऱ्याचं फोर्तिऑन उचलल्याची खूण असतो. त्याच्या औषधाचे पैसे देणं हे ओझं उचलणं झालं. त्यानं आपल्या भावाशी समेट करावा की नाही, हा त्याचा भार.

पैसा मंडळीमार्फत जात असेल तर मोजायला दोन माणसं, नोंद तिथल्या तिथे, आणि एकाच घरातले दोघं नकोत. पौलानंही आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी बंधू पाठवले, आणि कारण स्पष्ट लिहिलं: एवढ्या मोठ्या देणगीबाबत कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये (२ करिंथ ८:२०).

सातव्या आठवड्यापासून एक नवी अट येते आणि तीच सगळ्यांना जड जाते: आता घ्यायचंही. आठवड्यातून एक गोष्ट कोणाकडून तरी स्वीकारायची, परतफेड न करता. ज्याच्याकडे आपण जातो त्याच्याचकडून असेल तर उत्तम. देणाऱ्यांना हे आवडत नाही. येशूचा शिष्य पेत्र यालाही येशूकडून पाय धुऊन घ्यायचे नव्हते. पण समानता म्हणजे तुमची विपुलता त्यांची गरज भागवते आणि पुढे त्यांची तुमची, असं २ करिंथ ८:१४ सांगतं, आणि फिलिप्पैकरांना पौल देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दलच लिहितो. त्याच पत्रात एपफ्रदीत आहे. तो फिलिप्पैच्या मंडळीची देणगी घेऊन पौलाकडे गेला, सेवा करता करता मरणाच्या दारात पोहोचला, आणि पौलानं त्याला घरी पाठवून लिहिलं की त्याचं प्रभूमध्ये आनंदानं स्वागत करा, अशांचा मान राखा. पुष्कळ मंडळ्यांत थकलेल्या सेवकाला फक्त बदली माणूस मिळतो, स्वागत मिळत नाही.

याच सुमारास वहीतला तिसरा रकाना भरू लागतो. नोंदी क्षुल्लक वाटतात: 'त्यांनी मला नावानं हाक मारली.' 'खुर्ची आधीच ठेवलेली होती.' दुःख कमी झालेलं नसतं. अधूनमधून एखादा सकाळचा आकडा तीनवर येतो, विशेषतः मृत्यूच्या किंवा वाढदिवसाच्या तारखेजवळ. त्या आठवड्यात भेट चुकवायची नाही पण फोन दोन्ही रद्द करायचे. बदल दुसरीकडे दिसतो. सोबत चालणाऱ्यानं प्रार्थनेतली सर्वनामं ऐकावीत. पहिल्या आठवड्यात 'मला, माझं, माझ्यावर'. नवव्या-दहाव्यात, कोणी न शिकवता, 'आम्हाला' येतं. आमच्या मते तग धरण्याची याहून विश्वासार्ह खूण नाही. हसू परत येणं ही नव्हे. हसू लवकर येतं आणि लवकर जातं.

बाराव्या आठवड्यात दोघांनी बसून वही पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायची. मग तीनच पर्याय: आहे त्याच मापानं चालू ठेवणं, महिनाभर थांबणं, किंवा हे घर दुसऱ्याकडे सोपवून नव्या नावाकडे जाणं. माप वाढवणं हा पर्याय पहिल्या वर्षात ठेवतच नाही. सोपवायचं असेल तर त्या आजारी माणसाला दहाव्या भेटीतच सांगायचं, "पुढच्या वेळी माझ्यासोबत आणखी एक जण येईल." अकराव्या भेटीत नवा माणूस मागे बसतो आणि फक्त ऐकतो. बाराव्या भेटीत खुर्चीवर तो बसतो, आपण मागे. रात्री झोप लागली का, हे आता तो विचारतो.